वर्नरची वीत

वर्नर हिल्टुनेनच्या उजव्या हाताची वीत बरोबर आठ इंच भरायची. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत आठ, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. ओयाला गावाच्या आसपास जेवढी म्हणून नवी घरं उभी राहिली, त्या सगळ्यांना ही वीत लागलेली होती. माणूस आपल्या वाटेने ट्रक घेऊन चाललेला असायचा, कुणाच्या घराला नवं साइडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरच्या आडव्या फळ्या, बसलेलं दिसलं की थांबायचा. मालकाला विचारणं वगैरे काही भानगड नाही. सरळ भिंतीपाशी जाऊन उकिडवा बसायचा आणि जमिनीपासून साइडिंगच्या सगळ्यात खालच्या फळीपर्यंत वीत घालून बघायचा. वीत मावली तर तोंडातून शब्द न काढता निघून जायचा. नाही मावली, तर मालकाला बायकापोरांसकट बाहेर बोलवायचा.

"पाच वर्षं," तो सांगायचा. "पाच वर्षांत तळाचा वासा कुजणार. ज्याने केलंय त्याला बोलवा आणि ह्याच फळ्यांनी बडवा."

आणि राग यायचा तो ह्याचाच, की त्याचं खरं निघायचं.

आमच्या ह्या मिनेसोटाच्या उत्तर टोकाला थंडी शून्याखाली चाळीसपर्यंत उतरते. पूर्वी तळघर खणून त्यावर घर बांधायचे. मग जमिनीवरच काँक्रीटचं जोतं ओतायची पद्धत आली. जोत्याच्या कडेला बाहेरून दोन इंच जाडीचा निळा फोम लावायचा, चांगला दोन फूट जमिनीत उतरवायचा. तो नसेल तर सगळी थंडी काँक्रीटमधून चालत आत येते. आता हा फोम भिंतीच्या पुढे येतो, म्हणजे तिथे एक पायरी तयार होते. त्या पायरीवर पत्र्याची पट्टी वाकवून बसवायची, बाहेरच्या अंगाला उतार देऊन, म्हणजे भिंतीवरून आलेलं पाणी बाहेर टपकेल. खालच्या फोमला जाळी ठोकून गिलावा करायचा. तो गिलावा आठ इंच उघडा ठेवायचा आणि मगच साइडिंग सुरू करायचं. एवढंच काम. पण ह्या एवढ्याशा कामात चांगले चांगले आपटी खातात, आणि वर्नर कधीच खात नसे. निदान तसं सगळे मानत होते, आणि सगळ्यात जास्त तो स्वतः.

गावातल्या लाकडाच्या वखारीत, लॉइडच्या गल्ल्यामागे, भिंतीत एक मोठा खिळा होता. तो वर्नरनेच ठोकलेला. कुणाच्या भिंतीतून उलट्या उताराची पट्टी निघाली, की वर्नर ती आणून त्या खिळ्याला लटकवायचा आणि तारेने एक चिठ्ठी बांधायचा. चिठ्ठीवर करणाऱ्याचं नाव. वखारीत रोज सकाळी सगळे कारागीर कॉफीला जमतात, तेव्हा नाव वाचल्याशिवाय कुणाची कॉफी खाली उतरत नसे. एडविन मॅटसनचं नाव लागलं, त्याने महिन्याभरात हत्यारं विकून टाकली आणि शाळेची बस चालवायला लागला. वर्नरला काडीचं वाईट वाटलं नाही. "बरं झालं," म्हणाला. "बसला गिलावा नसतो."

असा हा चौपन्न वर्षांचा गडी. लग्न केलेलं नव्हतं. ह्याच्याशी कोण करणार? घरात तो आणि त्याची म्हातारी आई, हिल्मा, दोघंच.

हिल्मा ऐंशीची होती, तरी काटक. जमीन तिच्या नावावर होती. जमिनीवर तिच्या नवऱ्याने ओंडक्यांचं घर बांधलं होतं, त्यात तिने साठ हिवाळे काढले. साठही हिवाळ्यांच्या आधी तिने घराला बांध घातला. बांध म्हणजे आमच्याकडच्या जुन्या माणसांना श्वास घेण्यासारखी गोष्ट. बर्फ पडायच्या आत घराच्या पायाला चहूबाजूंनी माती, लाकडाचा भुसा आणि स्प्रूस झाडांच्या फांद्या रचायच्या, गुडघ्याच्या वर येईपर्यंत, म्हणजे वारा खालून आत शिरत नाही. वर्नरने लहानपणी भुशाच्या बादल्या वाहून हाताला घट्टे पाडून घेतले होते. पण नव्या जोत्यांच्या घरांना बांध चालत नाही. फोम असतो, गरजच नसते. उलट ओला भुसा साइडिंगला टेकला की मागे पाणी चढतं आणि वर्ष-दोन वर्षांत वासा मऊ. हे वर्नर इतक्यांदा आणि इतक्या शिव्या घालून सांगत आला होता, की ओयालामध्ये शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

ओंडक्यांचं घर खालून कुजलं, तेव्हा वर्नर ते पाडून नवं बांधायचं म्हणाला. त्यासाठी जमीन नावावर हवी. कागदावर सही करायच्या दिवशी हिल्माने पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"माझी एकच अट," ती म्हणाली. "मला इथून हलवायचं नाही. मेल्यावर न्या कुठे न्यायचं ते."

"नाही हलवणार."

"दोनदा म्हण."

"नाही हलवणार गं आई. कर सही."

तिने सही केली. घर होईस्तोवर आवारातल्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोपट्यात राहिली. जुन्या रीतीप्रमाणे वर्नरचा जन्मही तिथेच झाला होता, त्यामुळे तिला त्याचं काही वाटलं नाही.

घराचं काम वर्नरने आणि क्लेटन ब्रोटेनने केलं. क्लेटन हा नॉर्वेजियन माणूस, अकरा वर्षं वर्नरच्या हाताखाली. वर्नरच्या हाताखाली अकरा वर्षं टिकला म्हणजे त्याच्या सोशिकपणाला सीमाच नाही म्हणायची. ऑक्टोबर संपत आला तेव्हा फोमचं आणि गिलाव्याचं काम एवढंच राहिलं होतं. नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, आणि आमच्याकडे त्या पहाटे जो पुरुष जंगलात नसतो तो एकतर आजारी असतो नाहीतर तुरुंगात असतो. क्लेटन दुपारीच सामान घेऊन शिकारीच्या खोपटाकडे पुढे गेला. वर्नर मागे राहिला, एकटाच, ईशान्येचा कोपरा संपवायला.

त्या कोपऱ्यात खणताना खडक लागला. सहा फूट लांबीत वीतभर खाली उतरलं की नुसता कातळ. तो फोडायला हवा होता, नाहीतर फोमचा तक्ता आडवा टाकून थंडी अडवायला हवी होती. त्यात फोमचा शेवटचा तक्ता संपलेला. वखार पाचला बंद होते आणि साडेपाच वाजले होते. वर्नर थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने फोमच्या जागी सहा फूट लांब आणि दोन इंच जाड नुसती सिमेंटवाळू भरली, सूत लावून बाहेरची कड सरळ केली, वर जाळी मारली आणि गिलावा ओढला. बाहेरून बघणाऱ्याला, अगदी देवालासुद्धा, कळलं नसतं. वसंतात फोडून फोम भरू, असं त्याने मनाशी म्हटलं आणि बंदूक घेऊन निघाला.

वसंतात सतरा घरांची कामं आली. तो विसरला असं कुणी समजू नका. तो अजिबात विसरला नव्हता.

त्या सहा फुटांच्या आतल्या बाजूला हिल्माचा पलंग होता. वर्नरने तो भिंतीतच ठोकून बनवलेला, हलवायची सोय नाही. पुढच्या आठवड्यात क्लेटनने त्या बाजूची पट्टी आणि साइडिंग बसवलं, डिसेंबरात हिल्मा आत राहायला आली, आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "कोपऱ्यात गार लागतं रे."

"नवीन घर आहे. सुकतंय."

जानेवारीत ती परत म्हणाली. वर्नरने फॅरनहाइटचा तापमापक आणला, तिच्या खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवला, आणि तिला समोर बसवलं.

"काय दिसतंय? वाच."

"अडुसष्ट."

"अडुसष्टात माणसं सदरा काढून बसतात. मग?"

"तू तो कोपऱ्यात ठेव ना."

"कोपऱ्यात कोण राहतं? कोळी?"

"मी झोपते."

"तुझे पाय म्हातारे झालेत, आई. घर गार नाहीये, तू गार झालीयेस."

तापमापक त्याने उचलून नेला. कोपऱ्यात तो ठेवायचा नाही हे तो स्टूल आणायच्या आधीपासून ठरवून बसला होता.

पहाटे पलंगाच्या पायथ्याशी, जमीन आणि भिंत मिळतात त्या फळीवर, पांढरं दंव धरायचं. हिल्मा ते नखाने खरवडून बशीत काढायची आणि त्याला दाखवायला स्वयंपाकघरात न्यायची. तिचे गुडघे हे असे, बोळातून येईस्तोवर त्याचं पाणी झालेलं असायचं.

"हे काय?" वर्नर विचारायचा.

"दंव होतं."

"हे पाणी आहे. पाण्याची बशी घेऊन घरभर फिरतेस तू."

शनिवारी सॉनाला आलेल्या लोकांना तो हे सांगायचा. "आमच्या आईने नवा धंदा काढलाय," म्हणायचा, "बशीतून पाणी वाहायचा." लोक हसायचे. क्लेटनही हसायचा. हिल्मा कॉफी ओतत असायची. तो सगळा हिवाळा ती पायात लोकरीचे तीन-तीन मोजे घालून, अंगाचं मुटकुळं करून झोपली, आणि मार्चमध्ये तिला जो खोकला धरला तो जूनपर्यंत सुटला नाही.

पुढच्या नोव्हेंबरात वर्नर शिकारीला गेला, दहा दिवसांसाठी. हिल्मा लहान मुलांची बर्फावरची घसरगाडी घेऊन बाहेर पडली. वर्नरच्या करवतीखालचा भुसा शेडमागे ढिगाने पडलेला होता. तिने तो बादलीने भरला, एका वेळी अर्धी बादली, त्याहून जास्त उचलवत नव्हती. घसरगाडीवरून ओढत घरामागे नेला. ईशान्येच्या कोपऱ्यात, तेवढ्या सहा-सात फुटांत, तिने बांध घातला. वर स्प्रूसच्या फांद्या आडव्यातिडव्या रचल्या, बरोबर जशा साठ वर्षं रचल्या होत्या तशा. चार दिवस लागले. तिकडे घरामागे दाट झाडी, कुणाचं जाणं नाही. आठवड्याच्या आत दोन फूट बर्फ पडला आणि वर सगळं पांढरं सपाट झालं.

त्या हिवाळ्यात दंव धरलं नाही. पाय गरम राहिले. एप्रिलमध्ये बर्फ उतरायला लागला, तसा वर्नर कामावर गेल्यावर तिने फांद्या काढल्या, भुसा खराट्याने झाडीत लोटला. आणि हे तिने पुढचे दोन हिवाळेही केलं, कुणाला पत्ता लागू न देता.

वर्नरच्या एवढंच लक्षात आलं, की म्हातारीची कटकट थांबली. तो खूश झाला. "बघितलंस?" तो क्लेटनला सॉनात सांगत होता. "लक्ष दिलं नाही की आपोआप जातं. गारठा कोपऱ्यात नव्हताच. डोक्यात होता." हिल्माने बाहेरच्या खोलीतून ते ऐकलं आणि गालातल्या गालात हसली. बिचारीला वाटलं, आपणच जिंकलो.

चौथ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, एका शनिवारी दुपारी, क्लेटन सॉनाला सरपण कमी पडलं म्हणून झाडीतून फांद्या आणायला घरामागे गेला आणि तिकडेच थांबला. मग त्याने वर्नरला हाक मारली. ईशान्येच्या कोपऱ्यात साइडिंगच्या खालच्या दोन फळ्या फुगल्या होत्या, रंगाला फोड आले होते. फळ्यांखालून काळ्या मोठ्या मुंग्या येत-जात होत्या, लाकूड पोखरणाऱ्या. क्लेटनने फळीवर अंगठा दाबला तर तो पेरभर आत गेला.

वर्नर उकिडवा बसला. सवयीने त्याने खाली वीत घातली. वीत मावली, बरोबर आठ इंच. ओयालामधलं एक घर कुजलं होतं आणि ते त्याचं होतं.

"ही बाजू कुणी केली?" त्याने विचारलं.

"तुला माहितीये कुणी केली. मी केली."

"मग झालं तर."

"वर्न, पट्टीचा उतार बघ की. बरोबर आहे."

"बरोबर असता तर अंगठा आत गेला असता?"

त्याने पक्कड आणून पट्टी उपसून काढली. काढताना ती वाकली, आणि वाकलेल्या पट्टीचा उतार कुठल्या बाजूला होता हे कोण सांगणार? सोमवारी सकाळी ती वखारीत खिळ्यावर होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: क्लेटन ब्रोटेन. चौदा वर्षं ज्याने ह्याच्या शिव्या खाल्ल्या, त्याचं नाव. सगळ्यांनी वाचलं, आणि त्या सकाळी क्लेटनशेजारी कॉफीला कुणी बसलं नाही.

मंगळवारी क्लेटन वर्नरच्या घरी आला. तावातावाने आला नाही; त्याला ते जमायचंच नाही. स्वयंपाकघरात टोपी मांडीवर घेऊन बसला. हिल्माने कॉफी आणि वेलदोड्याचा पाव पुढे ठेवला.

"ते नाव काढ, वर्न," क्लेटन म्हणाला. "मला दोन ठिकाणांहून फोन आले, काम नको म्हणून. मी उतार चुकवलेला नाही."

"मग पाणी काय आपोआप चढलं?"

"कसलं नाव?" हिल्माने विचारलं.

क्लेटनने सांगितलं. हिल्माने कॉफीचं भांडं खाली ठेवलं, एप्रनला हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली.

"त्याचं नाव काढ, वर्नर," ती म्हणाली. "ते माझं काम आहे. मी बांध घालत होते."

"काय?"

"तीन हिवाळे झाले. तू शिकारीला गेलास की घालायचे आणि एप्रिलमध्ये काढायचे. त्या कोपऱ्यातच तेवढा. फळ्या भिजतील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण गार लागायचं रे. फार गार लागायचं. बांध घातल्यापासून नाही लागलं."

क्लेटन तिच्याकडे बघत होता. मग त्याने वर्नरकडे बघितलं. वर्नरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हातारी खरं बोलत होती, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बांधाने गारठा थांबला, म्हणजे गारठा होता. गारठा होता, म्हणजे कुणीतरी विचारणार की फोम असताना गारठा आला कुठून. मग कुणीतरी गिलाव्यावर हातोडी मारून बघणार, आणि मग त्या खिळ्यावर कुठलं नाव लागणार? विचार करायला त्याला कॉफीचा एक घोट पुरला.

आणि मग तो आईशी हळू आवाजात बोलला. जन्मात कधी बोलला नव्हता इतक्या हळू.

"आई, तुला जुनं घर आठवतंय. ते पाडलं आपण."

"मला माहितीये पाडलं. मी समोर उभी होते."

"हो, हो. नव्या घराला बांध लागत नाही, आई. इथे फोम आहे."

"फोम आहे हे मलाही माहितीये. पण गार—"

"बरं, बरं. तू पड जरा जाऊन."

"मी कशाला पडू? मला काय झालंय?"

वर्नरने क्लेटनकडे बघून नुसती मान हलवली, दुखवट्याला आलेला माणूस हलवतो तशी.

दुसऱ्या दिवशी वखारीत सगळे जमलेले असताना त्याने स्वतःच्या हाताने क्लेटनची चिठ्ठी खिळ्यावरून काढली. "क्लेटनची चूक नाही," म्हणाला. "आमच्या आईचं डोकं फिरलंय. नव्या जोत्याला बांध घालते. तीन वर्षं घालतेय, चोरून."

दुसऱ्या कुठल्या गावात ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. म्हाताऱ्या माणसाने भिंतीला भुसा लावला, लावला. पण ओयालामध्ये फोम लावलेल्या जोत्याला बांध घालायचा म्हणजे भर उन्हाळ्यात शेगडी पेटवून बसण्यासारखं. "नव्या जोत्याला," लॉइड पुटपुटला आणि त्याने वर्नरच्या खांद्यावर हात ठेवला. एडविन मॅटसन बस दारात उभी करून कॉफीला आला होता, त्यानेसुद्धा टोपी काढली. वर्नरबद्दल कुणाला एवढा कळवळा यायची ही पहिलीच वेळ. त्याला तो बरा वाटला.

जाताना वर्नरने निळ्या फोमचा एक तक्ता आणि दगड फोडायची छिन्नी घेतली. क्लेटन तक्ता ट्रकमध्ये चढवायला आला.

"एकच?" त्याने विचारलं.

"एकच."

क्लेटनने दोरी घेतली, तक्त्यावरून टाकली, गाठ मारली. मग गाठीवरचा हात न काढता म्हणाला, "त्या शुक्रवारी मी पुढे गेलो होतो. वखार पाचला बंद झाली असेल."

"झाली असेल."

क्लेटनच्या सदऱ्याच्या खिशात वर्नरने खिळ्यावरून काढून दिलेली, त्याच्या नावाची चिठ्ठी होती. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे वर्नरलाही कळलं होतं. हिल्माच्या हातचा पाव क्लेटनने चौदा वर्षं खाल्ला होता. त्याने दोरीची गाठ ओढून बघितली, घट्ट होती.

"सोमवारी कुठलं काम धरायचं?" त्याने विचारलं.

त्याच आठवड्यात वर्नरने हिल्माला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिला साल विचारलं, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तिने सगळं बिनचूक सांगितलं. वजाबाकी तर डॉक्टरांपेक्षा पटकन केली. मग त्यांनी विचारलं, "भिंतीला भुसा का लावायचात, आजी?"

"गार लागायचं म्हणून."

तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या वर्नरने मान हलवली. "घरात अडुसष्ट असतं, डॉक्टर," तो म्हणाला. "मी स्वतः मोजून दाखवलंय तिला. त्याआधी बशीतून पाणी घेऊन फिरायची. दंव आहे म्हणायची." डॉक्टर तरी काय करणार? पोटचा मुलगा सांगतोय, गावातला नाणावलेला कारागीर, घर त्याने स्वतः बांधलेलं. त्यांनी लिहून घेतलं. शिवाय ऐंशी पार केलेली बाई एकटी बर्फात बादल्या ओढते, कुठे पडली म्हणजे?

वृद्धाश्रम गावातच होता. मेच्या पहिल्या आठवड्यात वर्नरने तिची पेटी ट्रकमध्ये ठेवली. ती दारात उभी होती, डोक्याला रुमाल बांधून.

"दोनदा म्हणाला होतास," ती म्हणाली.

"म्हणालो होतो. तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर होतं."

ती ट्रकमध्ये बसली.

त्यानंतर वर्नरने तीन दिवस कोपऱ्याचं काम केलं. सिमेंटवाळू छिन्नीने फोडून काढली, त्याखाली कातळ फोडला, मोजून दोन फूट. कुजलेला वासा कापून नवा घातला. फोम बसवला, पट्टी वाकवली, जाळी मारली, गिलावा केला. एवढं देखणं काम त्याने आयुष्यात केलं नसेल. जुना गिलावा कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते जवळ जाऊनही सांगता येत नव्हतं. शेवटी त्याने वीत घालून बघितली आणि हत्यारं धुतली.

डिसेंबर आला. त्याने तापमापक आणून कोपऱ्यात ठेवला, पलंगाच्या पायथ्याशी. अडुसष्ट. शेगडीची चिमणी त्याच भिंतीतून वर जाते, त्यामुळे आता ती खोली सगळ्या घरात उबदार होती. वर्नर स्वतःच तिथे झोपायला लागला.

रविवारी तो तिला भेटायला जायचा, हे मात्र चुकवत नसे. वृद्धाश्रमाच्या दाराशी पहिल्यांदा गेला तेव्हा भिंतीखाली वीत घालून बघितलीच त्याने. ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी हिल्मा खिडकीशी बसली होती, मांडीवर शाल. सात महिन्यांत ती वाळून निम्मी झाली होती. शेजारच्या खाटेवरची बाई जेवायला गेली होती, खोलीत दोघंच.

"वर्नर, एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांग. तुझ्या बाबांची शपथ आहे. त्या कोपऱ्यात गार होतं ना रे?"

ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. हो म्हटलं असतं तर खिळ्यावर काही नाव लागणार नव्हतं. वर्नरने खिडकीतून बाहेर बघितलं.

"नव्हतं, आई," तो म्हणाला.

तिने मांडीवरची शाल ओढून घेतली. "बशी घेऊन यायचे मी तुझ्याकडे."

"पाणी असायचं बशीत."

"हो," ती म्हणाली. "पाणीच असायचं. मी बघायचे ना, पाणीच असायचं." मग तिने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. "मला हल्ली तसंच वाटायला लागलंय. उगाच तुझं घर नासवलं मी. आणि त्या बिचाऱ्या क्लेटनचं नाव लागलं माझ्यापायी. बरं झालं तू मला इथे आणलंस. त्याला सांग, मी माफी मागितली म्हणून."

"सांगतो," वर्नर म्हणाला.

आणि त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर, पत्रा वाकवता वाकवता. क्लेटन गुडघ्यांवर बसून फोमला जाळी ठोकत होता. त्याचे हात क्षणभर थांबले.

"बरं," तो म्हणाला, आणि मान वर न करता त्याने पट्टीसाठी हात पुढे केला.